पिंपातला ठिपका

हांनुसचा पहिला ठोसा होग्नीच्या ओठावर बसला आणि तोंडभर रक्ताची खारट चव पसरली. दोघं सख्खे भाऊ छातीएवढ्या पाण्यात उभे होते. पाणी लाल झालं होतं, आणि आमच्या उत्तरेकडच्या बेटांभोवतीचं पाणी ऑगस्टातही हाडं गोठवणारं असलं तरी त्या घटकेला ते कोमट लागत होतं. चहूकडे काळे देवमासे शेपट्या आपटत होते. माणसं आकडे आणि दोर घेऊन त्यांच्या अंगावर धावून जात होती. आणि होग्नी एका म्हाताऱ्या मादीच्या डोक्याला मिठी मारून तिचं तोंड समुद्राकडे वळवायला बघत होता.

"सोड तिला," हांनुस म्हणाला.

"तिच्या पाठीवर बघ, दादा. बघ तरी एकदा."

हांनुसनं बघितलं. पाठीवरच्या पंखाच्या बुडाशी मुठीएवढं पिवळं यंत्र होतं आणि त्यातून बोटभर तार वर आलेली होती. ते नीट बघून घेऊन त्यानं दुसरा ठोसा मारला.

आता भावानं भावाला असं का मारावं, हे कळायला थोडं मागं जायला हवं. गेल्या वर्षी याच महिन्यात याच खाडीत देवमाशांचा कळप हाकून आणला होता. असा कळप हाकून आणायचा आणि काठावर मारायचा, याला आम्ही ग्रिंड म्हणतो. मांस गावात घरटी वाटलं जातं, कुणी विकत नाही. पण त्या दिवशी मारलं नाही. आक्कालुक नावाचा ग्रीनलंडचा माणूस आला होता, समुद्राचं शास्त्र शिकलेला, बुटका आणि हसरा. त्याच्याबरोबर आइसलंडचे, नॉर्वेचे, स्कॉटलंडचे, कॅनडाचे अशी सगळी वरात. समुद्राचं गरम पाणी दक्षिणेकडून किती वर सरकतंय, थंड पाणी खालून कुठं वाहतंय, देवमाशांचं खाणं असलेला माकूळ जागा का सोडतोय आणि त्याच्यामागं ते कुठं निघालेत, हे त्या सगळ्यांना मिळून बघायचं होतं. जहाजं जाऊन जाऊन किती जाणार? देवमासा मात्र रोज खोल बुडी मारतो. त्याच्या पाठीवर यंत्र बसवलं की तोच समुद्र मोजून देतो.

गावाला हे पटवलं ते होग्नीनं. तो समुद्राचा अभ्यास करणाऱ्या केंद्राच्या गावातल्या शेडवर कामाला होता. यंत्रांच्या बॅटऱ्या बदलायच्या, दोर तपासायचे, होडी चालवायची, असलं काम. गावसभेत तो उठून म्हणाला होता, की आधीच कळप येईनासे झालेत. ते का येत नाहीत हेच ही माणसं शोधतायत, तर एक कळप सोडून दिला म्हणून आपण उपाशी मरणार नाही. ग्रिंडचा मुखिया हांनुस. त्यानं बराच वेळ दाढी खाजवली आणि मग आक्कालुकच्या हातात हात दिला. म्हणाला, या कळपाला आमच्या गावाचा हात लागणार नाही. गावातल्या गड्यांनी पाण्यात उतरून पाच मासे दोरानं धरून ठेवले, होग्नीनं आपल्या हातानं यंत्रं बसवली आणि सगळा कळप परत समुद्रात हाकलला. आमच्या गावात असलं काही पहिल्यांदाच होत होतं. बायका काठावर उभ्या राहून हसत होत्या, की आता मेंढ्यांनाही घड्याळं बांधा.

पाचांतली चार यंत्रं हिवाळ्याच्या आत गळून पडली. उरलं ते एक, या म्हातारीचं. होग्नीच तिला म्हातारी म्हणायचा. बाकीच्यांच्या लेखी तिला एक नंबर होता. हे यंत्र खाऱ्या पाण्यात मुकं असतं. मादी श्वास घ्यायला वर आली आणि पाठ हवेत आली की तेवढ्यात ते आकाशातल्या उपग्रहाला हाक मारतं: मी इथं आहे, इतकी खोल जाऊन आले, तिथं पाणी इतकं गार होतं. पाठ बुडाली की पुन्हा गप्प. रोज सकाळी होग्नी कॉफीबरोबर फोनवर नकाशा उघडायचा आणि पिवळा ठिपका शोधायचा. आइसलंडच्या खाली गेली, परत फिरली, मग महिनाभर उत्तरेच्या गार पाण्याच्या कडेकडेनं हिंडली. कधी ठिपका दिसला नाही की दिवसभर त्याचं कामात लक्ष लागायचं नाही. त्याची बायको मार्युन म्हणायची, माझ्या आईच्या आजारपणात तू इतका कासावीस झाला नव्हतास.

त्या सोडून दिलेल्या कळपानंतर खाडीत एकही कळप आला नाही. त्याआधीचं वर्षही कोरडंच गेलं होतं. घरोघरी मांस मुरवायची मिठाची पिंपं रिकामी. हांनुस येता-जाता बोलायचा, काय रे, तुझ्या मैत्रिणीला विचार की, आमची आठवण येते का म्हणून. आधी ते गमतीत होतं. हळूहळू त्यातली गंमत गेली.

आणि आज सकाळी ठिपका खाडीच्या तोंडाशी होता.

होग्नीनं हातातली कॉफी तशीच खाली ठेवली. मार्युननं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काही नाही, वारा फिरेलसं दिसतंय. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोशी तो असा सरळ खोटं बोलला नव्हता. कळप दिसला आणि माणूस गप्प बसला, तर आमच्याकडे त्याला माणसात धरत नाहीत. पण त्याला कळप दिसला कुठं होता? ठिपका दिसला होता. ठिपका म्हणजे काही देवमासा नव्हे, असं त्यानं स्वतःला समजावलं. गप्प राहिलं तर तासा-दोन तासांत कळप वळून जाईल, कुणाला कळणारही नाही.

तिथंच बसला असता तर सगळं निभावलं असतं. पण वर्षभर जिचा नुसता ठिपका बघितला ती दारासमोर आलेली, आणि एकदा डोळ्यांनी बघायचं नाही? दुर्बीण स्वेटरच्या आत घालून तो घरामागच्या उतारावर गेला, मेंढ्यांच्या दगडी कुंपणाला टेकला आणि बघू लागला. धुकं हटलं होतं. पाणी सपाट होतं. दूर, अगदी दूर, काळ्या पाठी वर येत होत्या आणि जात होत्या. त्यातली तिची कुठली ते कळत नव्हतं, तरी त्याला भरून आलं. तो किती वेळ तसा उभा राहिला, त्याला समजलं नाही.

आमच्या गावात एखादा गडी दुर्बीण लावून समुद्राकडे तोंड करून नुसता उभा राहिला, तर त्याला कुणी काही विचारत नाही. तो बघतो तिकडेच सगळे बघतात. खालच्या घरात बिलामावशी खिडकीशी बसून बटाटे सोलत होत्या. ऐंशी उलटली तरी नजर शाबूत. त्यांनी आधी होग्नीकडे बघितलं, मग त्याची मान कुठल्या बाजूला आहे ते बघितलं, मग मेलेल्या नवऱ्याची दुर्बीण खुंटीवरून काढली. पुढच्याच क्षणी खिडकी उघडली आणि मावशींची हाक साऱ्या गावानं ऐकली.

होग्नी उतारावरून धावत खाली येईपर्यंत होड्या सुटत होत्या. माशांच्या कारखान्यातली माणसं अंगावरचे रबरी झगे तसेच ठेवून पळत होती. त्यानं हांनुसला होडीघराच्या दारात गाठलं आणि सगळं सांगितलं, की हा तोच कळप आहे, यंत्रवाली त्यात आहे, आपण शब्द दिलाय.

"तो शब्द त्या दिवसाचा होता," हांनुस म्हणाला.

"असं कोण म्हणालं होतं?"

"कुणी नव्हतं म्हणालं. पिंपं अशी रिकामी राहतील, असंही कुणी म्हणालं नव्हतं." मग त्यानं होग्नीच्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. "तुला ठाऊक होतं. सकाळपासून ठाऊक होतं आणि तू गप्प बसलास."

निदान तिला एकटीला सोड, एवढंच होग्नी म्हणाला. हांनुस म्हणाला, असल्या गदारोळात एकीला कोण ओळखणार? होग्नी म्हणाला, मी ओळखीन.

"मग ओळख आणि काढ बाहेर. मी कुणासाठी थांबणार नाही." आणि त्यानं होडी पाण्यात ढकलली.

होड्यांनी अर्धगोल धरला. माणसं दोराला बांधलेले दगड पाण्यात फेकत होती, बाजूच्या फळ्यांवर काठ्या बडवत होती. त्या आवाजापुढं कळप काठाकडे पळत सुटला. पुढचे मासे वाळूत रुतले, मागचे त्यांच्यावर चढले. मग काठावरचे गडी पाण्यात घुसले. आकडा डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात अडकवायचा, दोर काठावरच्यांनी ओढायचा, आणि मान सापडली की भाला कण्यात उतरवायचा. नीट जमलं तर मासा क्षणात सुटतो. होग्नीचा हात या कामात गावात सगळ्यांत सफाईचा. आज तो रिकाम्या हातानं एकेक पाठ चाचपत फिरत होता. एक शेपूट त्याच्या बरगडीवर बसली आणि तो पाण्याखाली गेला. वर आला तर समोरच एक नर आकड्यावर झटके देत होता आणि त्याच्या भोकातून उडणारं रक्त होग्नीच्या डोळ्यांत गेलं. त्यानं डोळे पुसले. तेव्हा त्याला पिवळं दिसलं.

ती अजून रुतली नव्हती. तिच्या पोटाखाली पाणी होतं. त्यानं तिच्या डोक्याला मिठी मारली आणि सगळ्या ताकदीनं तिला वळवायला लागला, आणि ती वळायलाही लागली होती. तेवढ्यात हांनुस आला. मग ते दोन ठोसे.

दुसऱ्या ठोशानं होग्नीचा पुढचा दात पडला. तरी त्यानं मिठी सोडली नाही. हांनुसनं त्याचे केस धरून मान मागं खेचली. होग्नीनं कोपर मारलं ते भावाच्या नाकावर बसलं. दोन म्हातारपणाला लागलेले भाऊ रक्ताच्या पाण्यात लहानपणीसारखे भांडत होते आणि काठावरचं गाव बघत होतं. या धुमश्चक्रीत मादी पुरती समुद्राकडे वळली आणि तिनं शेपटीचा जोर लावला.

समोर होडी होती. होडीच्या बाजूला पाण्यात उभा राहून रोई दोर सोडवत होता. बिलामावशींचा जावई, शांत माणूस. मादीनं त्याला होडीच्या फळीवर चिरडलं. पायाचं हाड मोडल्याचा आवाज होग्नीनं ऐकला आणि त्याच्यामागोमाग रोईची किंकाळी ऐकली.

हांनुस तिकडे झेपावला. मादी रोईला दाबून अडकली होती, पुढं जाता येत नव्हतं, मागं येता येत नव्हतं. भाला हाताशी नव्हता. हांनुसनं कमरेचा सुरा काढला आणि तिच्या मानेत, पाठीत, सापडेल तिथं खुपसायला लागला. तिनं मरायला हवं होतं, पण ती मरत नव्हती. असं कुणी मारत नाही. असं मारलं तर आमच्याकडे लोक थुंकतात. मादी शीळ घातल्यासारखा बारीक आवाज काढत होती, आणि तिच्या प्रत्येक झटक्याला रोई किंचाळत होता.

होग्नीनं काठाकडे हात केला आणि भाला मागितला. कुणीतरी फेकला. त्यानं भावाला खांद्यानं बाजूला सारलं, तिच्या मानेवर तळवा ठेवून जागा बघितली आणि भाला उतरवला. एकदाच. ती थांबली. पाठीवरचा पिवळा ठोकळा त्याच्या गालाला लागला होता.

रोईला हेलिकॉप्टरनं इस्पितळात नेलं. वाटणी सुरू झाली तेव्हा होग्नी काठावरच्या दगडांवर ओल्या कपड्यांनी बसून होता. बिलामावशी जवळून गेल्या, थांबल्या आणि पुढं गेल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी तो घरामागच्या शेडमध्ये होता. मार्युननं पिंपात मिठाचं पाणी कालवून ठेवलं होतं. वाटा येणार म्हटल्यावर पिंप तयार हवं, भांडण काही का असेना. हांनुस दारात आला. नाकात कापसाचे बोळे होते. हातात पंखाचा कापलेला तुकडा होता आणि त्यावर यंत्र.

"हे अजून बोंबलतंय का?"

"हवेत आहे तोवर बोलणार," होग्नी म्हणाला. ओठ सुजल्यानं शब्द जड येत होते.

हांनुसनं हात पुढं केला आणि तुकडा पिंपात सोडला. "झालं. आता ती मेली नाही. यंत्र गळून पडलं, बाकीच्या चारांचं पडलं तसंच."

होग्नी पिंपाकडे बघत राहिला.

"माझ्याकडे बघ. रोईचा पाय गुडघ्याखालून जाणार, असं डॉक्टर म्हणतायत. तू तिला वळवलीस म्हणून ती त्याच्यावर गेली. मी हे कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. तू पण तोंड मिटून ठेव. शब्द मोडला म्हणून गावाचं नाव पाच देशांत जायला नको. तुला इथंच राहायचंय ना?"

हांनुस गेला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं बाहेर भिंतीशी होग्नीच्या वाट्याचं मांस उतरवून ठेवलं होतं, आणि वर स्वच्छ फडकं टाकलं होतं.

थोड्या वेळानं फोन वाजला. आक्कालुक. त्याचं नेहमीचं मोडकंतोडकं डॅनिश, मागं चार जणांचे आवाज.

"म्हातारी तुमच्या काठाशी आली होती, कळलं का? बराच वेळ वर होती. नुसता बडबडत होता ठिपका. आणि आता गप्प. आम्ही इथं सगळे नखं खात बसलोय."

होग्नी म्हणाला, सकाळी इकडे धुकं होतं. हे खरंच होतं.

आक्कालुक म्हणाला, मग उथळ पाण्यात अंग घासलं असेल तिनं, यंत्र सुटून बुडालं असणार. त्यानं मोठा उसासा टाकला. "जाऊ दे रे. बाई सुटली आपल्या कटकटीतून. तिनं दिलं तेवढं एका जहाजानं दिलं नाही आम्हाला. आता हिवाळ्यात ती कुठं असेल, कुणाला ठाऊक, पण हिंडत असेल. आणि हांनुसला सांग, तुमच्या गावानं हात दिला आणि पाळला. मी इथं सगळ्यांना तेच सांगत असतो, की माणसं असावीत तर अशी."

फोन ठेवल्यावर होग्नी लाकडी पेटीवर बसला. सगळं जमून आलं होतं. कुणी खोटं बोलायचीही गरज उरली नव्हती. पाच देशांतली माणसं आपापल्या नकाशांवर तिची एक खोटी वाट धरून बसणार होती आणि ती कुठंतरी हिंडतेय असं हिवाळाभर मानत राहणार होती, एवढंच. तेही त्यानं सोसलं असतं. पण माणसं असावीत तर अशी, हे त्याच्यानं गिळवेना. त्याला एकदम रडू फुटलं, आणि फुटका ओठ ताणला गेल्यानं जोरात दुखलं.

मग तो उठला. बाही वर सारून त्यानं पिंपात खांद्यापर्यंत हात घातला आणि तुकडा वर काढला. नळाखाली गोड्या पाण्यानं यंत्र धुतलं, स्वेटरनं पुसलं, तारेवरचं मीठ नखानं काढलं. शिडी लावून तो शेडच्या गवताच्या छपरावर चढला. आमच्याकडे त्या दिवसांत रात्री जेवणवेळेलाही उजेड असतो. रस्त्यावरून घरी जाणाऱ्यांना तो दिसत होता. मार्युन दारात आली आणि तिनं वर बघितलं. हांनुस मांसाची ढकलगाडी घेऊन परतत होता, तो कुंपणाशी थांबला.

"खाली उतर, होग्नी."

होग्नीनं छपराच्या माथ्यावर, जिथून चारी बाजूंना नुसतं आभाळ होतं, तिथलं गवत हातानं दाबून सपाट केलं. यंत्र त्यावर उभं ठेवलं, तार वर करून.

"आपल्या गावाचं काय होईल, कळतंय का तुला?"

"कळतंय, दादा."

हांनुस शिडीपाशी आला. त्यानं शिडीला हात लावला. तो वरही चढला नाही आणि शिडी काढूनही नेली नाही. मग तो गाडी ढकलत निघून गेला. तिचं चाक करकरत गेलेलं वळणापर्यंत ऐकू येत होतं.

होग्नी यंत्राशेजारी गवतात बसून राहिला. त्याच्या फोनवरच्या नकाशात समुद्र पूर्ण निळा होता, मोकळा. मग जमिनीच्या तुकड्यावर, गावाच्या मध्यावर, त्याच्या घराच्या आसपास पिवळा ठिपका उमटला. तो बघत असतानाच फोन थरथरला, त्यावर आक्कालुकचं नाव आलं. त्यानं तोंडातलं रक्त गवतात थुंकलं आणि पहिल्याच घंटीला फोन उचलला.